नको ते

आमच्या घरात ‘नको ते’ हे एक खातंच होतं. नको ते बघू नये, नको ते वाचू नये, नको ते विचारू नये. म्हणजे नेमकं काय, हे कुणी कधी फोड करून सांगितलं नाही, तरी आम्हा भावंडांना ते बिनचूक कळायचं. शनिवारी संध्याकाळी मुंबई दूरदर्शनवर मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. पुण्यातल्या आमच्या वाड्यात टीव्ही दोनच, एक घरमालकांकडे आणि एक आमच्याकडे. त्यामुळे सतरंजीवर पंधरावीस डोकी. पडद्यावर नायक नायिकेच्या जरा जास्त जवळ सरकला की बाबा उठायचे आणि पंख्याच्या रेग्युलेटरशी खुडबुड करायचे. रेग्युलेटर बरोब्बर टीव्हीमागच्या भिंतीवर होता आणि बाबांची पाठ चांगली रुंद. दोन फुलं एकमेकांवर आपटून झाली की पंखा दुरुस्त व्हायचा आणि बाबा परत खुर्चीत. जानेवारीतसुद्धा.

हे आठवायचं कारण माझं काम. मी सबटायटलं लिहिते. हिंदी-इंग्रजीतून मराठीत, गेली अकरा वर्षं. दोन ओळी, ओळीला चाळीसेक अक्षरं, आणि प्रेक्षकाला वाचायला मिळणारे दोन-तीन सेकंद. खून, कोर्ट, क्रिकेट, अंतराळ, सगळं करून झालंय. अडते ती एकाच ठिकाणी.

मध्यंतरी एक मालिका आली. चाळिशीची बायको, लग्नाला पंधरा वर्षं, रात्रीचे अकरा, नवरा पलंगावर लॅपटॉप घेऊन बसलेला. ती दाराशी उभी राहून एक वाक्य बोलते. इंग्रजीत ते तीन शब्दांचं आहे. ‘मला तू हवा आहेस’ असं मी लिहिलं आणि वाचून माझं मलाच हसू आलं. कुणी तरी कंडक्टरकडे सुट्टे मागतंय असं वाटत होतं. मग दुसरे शब्द शोधायला बसले. वासना? मराठीत बाईची वासना आधी कीर्तनकाराच्या ताब्यात असते आणि मग थेट दहाव्याला कावळ्याच्या. कामेच्छा? तो शब्द फक्त साप्ताहिकातल्या डॉक्टरांच्या सदरात भेटतो, ‘माझे वय ४२ असून’ या सुरुवातीनंतर. खाज, चळ, माज या शिव्या. हौस हा गोड शब्द, पण तो पैठणी आणि डोहाळजेवणाने आधीच अडवून ठेवलाय. पुरुषाला मात्र रंगेल म्हणता येतं, रसिक म्हणता येतं, शौकीन म्हणता येतं. बायकांच्या रांगेत उठवळ आणि चवचाल.

आणि नकाराला? नको, नगं, अहं, इश्श, चल, सोडा ना, कुणी बघेल, हात लावू नका. मी एका कागदावर दोन रकाने केले होते. डावा रकाना पानभर झाला. उजवा कोराच.

मालिका पाठवणाऱ्यांचा वर एक शेराही होता: ‘जरा सॉफ्ट करा, फॅमिली ऑडियन्स आहे.’

त्याच सुमारास आई माझ्याकडे राहायला आली होती. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू, महिन्याच्या अंतराने. वय ७८. वाचायची बंदी म्हटल्यावर तिला करमेना, म्हणून दुपारी आम्ही माझ्या कामाच्या लॅपटॉपवर सिनेमे लावायला लागलो. सुरुवात तिच्याच फर्माईशीने, ‘कुंकू’पासून.

‘कुंकू’ १९३७ चा. प्रभात, शांताराम, नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून. फसवून म्हाताऱ्या विधुराशी लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपटे तेव्हा ऐन विशीत होती. तिच्या चेहऱ्यावर दीनवाणेपणाचा लवलेश नाही, ही त्या सिनेमाची खरी कमाल. ती रडून नाही म्हणत नाही, ती चिडून नाही म्हणते. सावत्र मुलगा अंगचटीला येऊ बघतो तेव्हा ती त्याला छडीने झोडपते. केशवराव दात्यांचा तो वकील आरशासमोर बसून मिशांना कलप लावतो तेव्हा हसू येतं आणि थोड्या वेळाने त्याचीच कीव यायला लागते. पार्श्वसंगीत नाही, घरातले आवाज तेवढे. घड्याळाचे ठोके तर असे, की घरात कुणाचं वय किती झालंय हे विसरायची सोय नाही.

त्या म्हाताऱ्याच्या थोरल्या मुलीचं, सुशीलाचं काम शकुंतला परांजपे यांनी केलंय. पुढे संततिनियमनाच्या प्रचाराला ज्यांनी आयुष्य वाहिलं त्याच शकुंतलाबाई. म्हणजे ज्या बाईने खेडोपाडी जाऊन गर्भधारणा टाळायच्या साधनांबद्दल मोकळेपणी बोलायचं ठरवलं, ती या घरात नीराच्या बाजूने उभी आहे. र. धों. कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ तर सिनेमाच्या दहा वर्षं आधीच, १९२७ ला सुरू झालं होतं, आणि बाईलाही कामसुखाचा तितकाच हक्क आहे हे ते न लाजता मराठीत छापत होते. खटलेही त्यांनी त्यापायीच अंगावर घेतले. तेव्हा शब्द नव्हते असं म्हणायला जागा नाही. होते, पण आपण ते घरात घेतले नाहीत.

सिनेमा संपल्यावर आई चष्मा पुसत बसली. मग म्हणाली, “नाही म्हणाली ते बरंच केलं. पण तिला स्वतःला काय हवं होतं, ते काही कळलं नाही बाई.”

मी यावर वाद घातला. नीरासाठी कुणी तरणाबांड नायक ठेवलेला नाही, हेच तर मोठं. दुसरा कुणी आवडतो म्हणून ती याला नाकारत नाही, हा नको म्हणून नाकारते. आईला ते पटलं. पण तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या सिनेमाने बाईला ‘नको’ म्हणायला १९३७ साली शिकवलं, आणि तेही काय ठसक्यात. मग ‘हवं’ कधी?

आता कुणी म्हणेल, दुसऱ्याच वर्षी. १९३८ ला मास्टर विनायकांचा ‘ब्रह्मचारी’ आला, पटकथा अत्र्यांची, आणि त्यात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात. ‘यमुनाजळी खेळू खेळ’ म्हणत ती ब्रह्मचर्याची शपथ घेतलेल्या नायकाला पाण्यात बोलावते. महाराष्ट्रात बोंबाबोंब झाली आणि थेटरंही भरली. आजही ‘मराठीतली पहिली बोल्ड नायिका’ अशा लेखात हटकून तोच फोटो. पण नीट बघा, ती खेळकर आहे, हुशार आहे आणि बोलावणारी ती आहे. लोकांच्या लक्षात राहिला तो पोशाख. बोलावणं विसरलं गेलं.

‘बोल्ड’ या शब्दावर माझा राग आहे तो इथे. वर्तमानपत्राच्या पुरवणीत ‘बोल्ड’ म्हणजे कापड किती कमी. १९८१ च्या ‘चक्र’चंच घ्या. जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा सिनेमा, झोपडपट्टीतल्या बाईची गोष्ट. जिथे भिंतीच नाहीत तिथे बाई उघड्यावर अंघोळ करणार, त्यात सांगण्यासारखं एकच, गरिबी. पण पोस्टरवर तेच चित्र. स्मिता पाटीलने त्याबद्दलची नाराजी बोलून दाखवली होती. अंगावर पाणी घेणाऱ्या त्या बाईच्या मनात पुरुषाबद्दल काय काय आहे, तिला एक हवाय की दोघंही, हे सिनेमात आहे. त्याचं पोस्टर होत नाही.

मग तमाशापट. आईला १९५९ साली ‘सांगत्ये ऐका’ बघायचा होता. विजयानंद थेटरला तो तब्बल १३१ आठवडे चालला, म्हणजे आईची सातवी, आठवी आणि नववी त्या पोस्टरखालून शाळेत जाण्यात गेली. घरातून परवानगी नाही, कारण ‘नको ते’. आजोबा मात्र दोनदा बघून आले. हंसा वाडकरांचं त्याच नावाचं आत्मचरित्र १९७० ला पुस्तक होऊन आलं तेव्हा आईचं लग्न झालं होतं. ते तिने वाचनालयातून आणलं आणि ‘केसरी’चं वेष्टन घालून दुपारचं वाचलं. “काय लिहिलंय गं त्या बाईनं,” आई म्हणाली. “दारू, पुरुष, सगळं. आणि कुठं माफी मागितलेली नाही.” त्यावरूनच बेनेगलांनी १९७७ ला ‘भूमिका’ केला. आईला पुस्तक जास्त आवडलं. पुस्तकात ती स्वतः बोलते, सिनेमात आपण तिच्याकडे बघतो, असं काहीसं तिचं म्हणणं.

लावणीबद्दल मला नेहमी ऐकवलं जातं की बघ, मराठी बाई किती मोकळी. हो, लावणीत सगळं आहे. पण ती लिहिणारे होनाजी, रामजोशी, पुढे सिनेमाचे गीतकार. समोर बसलेले पुरुष, फेटे उडवणारे पुरुष. सुलोचना चव्हाणांचा तो ठसकेबाज आवाज ऐकावा आणि मग त्यांचं गातानाचं चित्र बघावं: दोन्ही खांद्यांवरून पदर, मान खाली, समोर वही. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या. आवाजात हवं तेवढं बोला, पण बाई घरंदाज दिसली पाहिजे, ही अट त्यांनी आयुष्यभर पाळली. की त्यांच्याकडून पाळून घेतली, कोण जाणे. दुसरीकडे पडद्यावर जी नाचते ती घरंदाज नसणारच. हिंदीत हेच काम हेलनकडे, बिंदूकडे. इच्छा खलनायिकेला, मंगळसूत्र नायिकेला.

शांता शेळक्यांनी लिहिलेलं ‘रेशमाच्या रेघांनी’ ऐका. एका बाईने लिहिलेली लावणी, १९६४ ची, आशाबाईंचा आवाज. धृपद काय, तर ‘हात नगा लावू माझ्या साडीला’. बोलावणं आहे की नकार? दोन्ही आहे. गंमत म्हणून मला ती फार आवडते. पण माझा तो दोन रकान्यांचा कागद समोर ठेवून ऐकली तेव्हा वेगळंच दिसलं. उजवा रकाना कोरा असेल, ‘हवं’ म्हणायला एकही बरा शब्द नसेल, तर बाई काय करणार? ती डाव्या रकान्यातलेच शब्द वापरणार. इश्श म्हणून हो म्हणणार, सोडा ना म्हणून थांब म्हणणार. सगळ्या सिनेमांनी हेच केलं. मग पडद्यावरचा नायक शिकला की नको म्हणजे हवं. तो तिच्या सायकलमागे फिरला, पदर धरला, ती रागावली, दुसऱ्या कडव्यात हसली. थेटरात बसलेल्या पोरांनी ते शिकून घेतलं आणि आमच्या कॉलेजच्या गेटवर उभी राहिली. म्हणजे ‘हवं’ला जागा दिली नाही, त्याचा फटका ‘नको’लाही बसला. नीराने १९३७ ला मिळवलेलं नाणं पुढच्या पन्नास वर्षांत खोटं पाडलं गेलं. २०१६ मध्ये ‘पिंक’मध्ये भर कोर्टात नाही म्हणजे नाही हे समजावून सांगावं लागलं, आणि तेही अमिताभ बच्चनच्या आवाजात.

(दादा कोंडक्यांबद्दल इथे दोन वाक्यं, आणि ती माझ्या मैत्रिणींना आवडणार नाहीत. त्यांच्या द्व्यर्थी संवादांवर माझाही वैताग आहे. पण त्यांच्या सिनेमात पुरुष बावळट, ‘आये आये’ करणारा, आणि पुढाकार घेते ती उषा चव्हाण. ती त्याच्या मागे लागते आणि गोष्ट तिला त्याची शिक्षा देत नाही. पांढरपेशा सिनेमात हे सापडेना.)

पांढरपेशा सिनेमात ‘उंबरठा’ होता, १९८२, जब्बार पटेल. आमच्याकडे त्यातलं ‘सुन्या सुन्या’ कॅसेट झिजेपर्यंत वाजलं. लहानपणी बघितला तेव्हा एवढंच कळलं होतं की स्मिता पाटील नोकरीसाठी घर सोडते. आता आईबरोबर बघताना दोन गोष्टी बोचल्या. एक, महिलाश्रमातल्या त्या दोघीजणी, ज्यांचं एकमेकींवर प्रेम आहे. संस्थेचे लोक हादरतात. १९८२ च्या मराठी सिनेमात हे आहे याचीच मला आठवण नव्हती, कदाचित तेव्हाही बाबा पंख्यापाशी असतील. सिनेमा त्या दोघींकडे कनवाळूपणाने बघतो, पण लांबून. दुसरी गोष्ट, स्मिता पाटीलची सुलभा घरी परत येते तेव्हा नवरा सांगतो की मधल्या काळात दुसरी बाई आहे. किती समजूतदार आवाजात सांगतो तो! गिरीश कर्नाडांनी ते काम इतकं सभ्य केलंय की राग यायला उशीर लागतो. तू नव्हतीस, मला गरज होती. पुरुषाची गरज सांगायला मराठीत शब्द कमी पडत नाहीत. सुलभासुद्धा तेवढेच महिने एकटी होती. तिची गरज तिथे कुणालाच आठवत नाही. प्रेक्षकालाही नाही. मलाही ती पन्नाशी ओलांडल्यावर आठवली.

‘फायर’ मी १९९८ मध्ये मुंबईत असताना बघायला गेले होते, एका मैत्रिणीबरोबर. दोन जावांच्या एकमेकींवरच्या प्रेमाची गोष्ट. नोव्हेंबरात लागला होता, सेन्सॉरने एकही काप न सुचवता सोडला होता. डिसेंबरच्या २ तारखेला गोरेगावात थेटरची मोडतोड झाली आणि त्यात पुढे होत्या त्या बायकाच. सिनेमा परत सेन्सॉरकडे गेला, फेब्रुवारीत पुन्हा तसाच आला. हिंदी आवृत्तीत सीतेची नीता झाली होती, तेवढ्याने संस्कृती वाचणार होती म्हणे. त्या सिनेमातलं एक वाक्य माझ्या धंद्यात मला रोज आठवतं. नंदिता दास शबानाला म्हणते की आपण एकमेकींसाठी जे आहोत त्याला आपल्या भाषेत शब्दच नाही. हे ती इंग्रजीत म्हणते, कारण सिनेमाच इंग्रजीत होता. तेव्हा मी सबटायटलं लिहीत नव्हते, नाही तर तिथेच राजीनामा दिला असता.

आईला ‘फायर’ दाखवू की नको, या विचारात चार दिवस गेले. चोपन्नाव्या वर्षी मीही रेग्युलेटरकडे निघाले होते, दुसरं काय. शेवटी ‘अस्तित्व’ लावला.

महेश मांजरेकरांचा ‘अस्तित्व’, २०००. हिंदी आणि मराठी दोन्हीत, उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळालेला. अदिती पंडित म्हणजे तब्बू. पंचवीसेक वर्षांपूर्वीचे गाण्याचे मास्तर मरताना सगळी मालमत्ता तिच्या नावे करून जातात. टपालाने मृत्युपत्र येतं आणि नवरा, म्हणजे सचिन खेडेकर, आपल्या जुन्या डायऱ्या काढून तारखा जुळवायला लागतो. तो प्रसंग मला कुठल्याही भांडणापेक्षा भयंकर वाटतो. माणूस आपल्या संसाराचं ऑडिट करतोय. कोणत्या महिन्यात मी टूरवर होतो, मुलगा कधी झाला. ती काही लपवत नाही. तिने तेव्हाच सांगायचा प्रयत्न केला होता. आणि शेवटी सगळ्यांसमोर, मुलासमोर, ती उभी राहून बोलते. त्या बोलण्यात पश्चात्तापापेक्षा हिशेब जास्त आहे, आणि या वेळी हिशेब तिचा. माझ्या शरीराला काही हवं होतं, ते तुला कधी दिसलं नाही. तुझ्या परगावच्या भानगडी मी कधी विचारल्या का?

मराठी घराच्या दिवाणखान्यात, सोफ्यासमोर, लग्नाच्या बाईने हे म्हणणं. मला तरी याआधीचं दुसरं उदाहरण आठवत नाही. हिंदीत अरुणाराजेंचा ‘रिहाई’ होता, १९८८ चा. नवरे मुंबईला कामाला आणि गावात उरलेल्या बायका, हेमामालिनी दिवस गेल्यावर नवऱ्यापासून ते लपवत नाही. तो फार कमी लोकांनी बघितला. ‘अस्तित्व’ टीव्हीवर लागत राहिला.

‘अस्तित्व’मध्ये अदितीच्या बाजूने उठून उभी राहते ती तिची होणारी सून, रेवती. मुलगा आईला जाब विचारतो आणि ही त्याला सोडून सासूबरोबर घराबाहेर पडते. ते काम नम्रता शिरोडकरचं. म्हणजे ‘ब्रह्मचारी’तल्या मीनाक्षीबाईंची नात. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती इतकी खूश झाली की सिनेमा थांबवून तिने माझ्या मावशीला फोन केला.

अर्थात घर सोडावं लागतंच. मी मनाशी एक यादी करते, ‘हवं’ म्हणणाऱ्या बाईला गोष्ट किती रुपये दंड करते त्याची. सुलभाने घर सोडलं, अदितीने सोडलं, ‘फायर’मधल्या दोघींनी सोडलं, त्यातली एक आगीतून जाऊन. ‘सैराट’ची आर्ची वर्गात मान वळवून वळवून परश्याकडे अशी बघते की तोच लाजून खाली बघतो. मराठी सिनेमात मुलीने मुलाकडे इतकं निवांत, इतकं पोटभर बघितलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. तिच्या दंडाची रक्कम सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे.

आणि ‘लिपस्टिक अंडर माय बुर्खा’. २०१७ च्या जानेवारीत सेन्सॉर मंडळाने प्रमाणपत्र नाकारलं. त्यांच्या पत्रात कारण होतं की गोष्ट ‘लेडी ओरिएंटेड’ आहे, आणि पुढे, ‘देअर फँटसी अबव्ह लाइफ’. हे शेवटचे चार शब्द मी कितीदा तरी मराठीत करून पाहिलेत. त्यांची स्वप्नं आयुष्यापेक्षा वरचढ? त्यांच्या कल्पना जगण्याच्या वर? कशीही करा, शिवी म्हणून लिहिलेलं वाक्य स्तुती होऊन बसतं. एप्रिलमध्ये अपिलात न्यायाधिकरणाने ‘ए’ प्रमाणपत्र द्यायला लावलं, जुलैत सिनेमा लागला. ते न्यायाधिकरणही २०२१ मध्ये मोडीत निघालं, आता दाद मागायची तर थेट हायकोर्टात.

त्यातली रत्ना पाठक शाहची ‘बुआजी’ पंचावन्नची आहे. अख्खा मोहल्ला तिला बुआजी म्हणतो. ती धार्मिक पुस्तकाच्या आत चटोर कादंबरी ठेवून वाचते. पोहण्याच्या क्लासला नाव विचारतात तर तिला स्वतःचं नाव, उषा, आठवायला क्षणभर लागतो. इथे आई जोरात हसली. मग म्हणाली, “मी ‘केसरी’ लावला होता.” आणि थोड्या वेळाने, “मला शेवटचं नावानं कोण हाक मारत होतं गं?” बाबा जाऊन सहा वर्षं झाली. पण बाबाही तिला ‘अगं’च म्हणायचे.

शेवटी त्या बाईचे कपडे, पुस्तकं, सगळं रस्त्यावर फेकतात. आई बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, दाखवायला नको होता.

आजकालच्या मालिकांमध्ये हे सगळं सर्रास असतं, माझ्या टेबलावर आठवड्याला दोन येतात. आता सेटवर इंटिमसी कोऑर्डिनेटर असतात, नटीच्या संमतीने एकेक हालचाल आधी ठरते, हे फार चांगलं झालंय. पण पुष्कळदा पहिल्या दहा मिनिटांत एक प्रसंग उरकलेला असतो, प्रेक्षकाने पुढे जाऊ नये म्हणून, आणि मग सात भाग त्या बाईला काय हवंय हे कुणी विचारत नाही. माझी लेक म्हणते, “आई, तू फार लोड घेतेस.” असेल.

ते वाक्य अजून राहिलं होतं. मुदत दुसऱ्या दिवशीची. आई मेथी निवडत बसली होती, तिला प्रसंग सांगितला. बायको दाराशी, नवरा लॅपटॉपवर, पंधरा वर्षांचा संसार.

“मग तिला काय म्हणायचंय?”

“हेच की, हवंय.”

“मग ‘ये ना’ म्हणेल की.”

मी ‘ये ना’ टाकलं. दोन शब्द. आवाज सोडून दिला तर त्यात काहीच नाही आणि त्या बाईच्या चेहऱ्याखाली वाचलं तर सगळं आहे. ‘सॉफ्ट करा’वाल्यांकडून काहीही न बोलता पास होऊन आलं.

संध्याकाळी आईने विचारलं, “तो दुसरा राहिलाय ना, मोडतोड झालेला?” मी ‘फायर’ लावला. त्या दोघींच्या पहिल्या जवळिकीच्या वेळी माझा हात आपोआप लॅपटॉपकडे गेला, आवाज कमी करायला की काय कोण जाणे.

“राहू दे,” आई म्हणाली. “तुझे बाबा पंख्यापाशी जाऊन उभे राहायचे ना, तेव्हा मला बघायचं असायचं.”

मग म्हणाली, “आवाज वाढव जरा. ऐकू येत नाही.”